भाऊसाहेबांनी पुसलेले शब्द

अब्रूदार माणसाला घाण लांबूनच ओळखू येते म्हणतात. कशी येते, ते ऐका.

बंदराजवळच्या गल्लीत धंदा करणाऱ्या बायकांना कुमुदबाई एका संस्थेच्या वास्तूत इंग्रजी शिकवत. परदेशी खलाशी यायचे, दलालाशी इंग्रजीत बोलायचे, आणि बाईचा सौदा तिच्या देखत ठरला तरी तिला पत्ता नसायचा. म्हणून बाई साध्या शब्दांबरोबर या धंद्यातली इंग्रजी बोलीही शिकवायच्या.

संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब निंबाळे यांच्या कानावर हे गेलं. ते तडक वर्गात आले. "माझ्या वास्तूत घाण शिकवता? आजपासून वर्ग बंद."

म्हातारी हौसा तेवढी उठली. "वर्ग मोडू नका, भाऊसाहेब. आम्हा अडाण्यांना काय कळतंय? फळ्यावर जे घाण असेल तेवढं तुमच्या हातानं पुसा, चांगलं राहू द्या."

फळ्यावर इंग्रजीत चारच शब्द होते. भाऊसाहेबांनी डस्टर उचललं. डॉक्टर ठेवला, जॉन पुसला. विंडो ठेवली, ट्रिक पुसली.

"जॉन म्हणजे गोऱ्यांतलं साधं नाव," हौसा म्हणाली, "आणि ट्रिक म्हणजे युक्ती. हे दोन्ही शब्द गिऱ्हाइकाला लावतात, हे आमचा जन्म या गल्लीत जाऊनसुद्धा बाईंनी सांगेपर्यंत आम्हाला ठाऊक नव्हतं. तुम्हाला कुणी शिकवलं?"

कुणी हसलं नाही. भाऊसाहेब डस्टर ठेवून निघून गेले, आणि वर्ग बंद करायची भाषा त्यांनी पुन्हा काढली नाही.

पुसलेले दोन्ही शब्द हौसानंच परत लिहिले.