जमीन दिली, बांध कुठे दिला?

फार जुनी गोष्ट. नद्यांवर अजून पूल नव्हते, या तीरावरून हाक मारली की त्या तीरावरून नाव यायची, त्या काळातली. लहानांनो, ऐका. मोठ्यांनो, तुम्ही तर जरा जास्तच ऐका!

एका नदीच्या काठी एक गाव होतं. गावाची शेतं अगदी पाण्याला लागून. दर पुरात पीक वाहून जायचं. कंटाळून लोकांनी वरच्या माळावर नवी शेतं काढली आणि नदीकाठ सोडून दिला. तिथे बाभळी माजल्या, रानडुकरं लोळू लागली.

त्या गावात सगुणा नावाची मुलगी होती. दूरच्या पाठशाळेत शिकून आलेली. बोलायची घाईने, चालायची त्याहून घाईने. तिने आपल्यासारखीच काही पोरंपोरी जमवली. ही सगळी स्वतःला काठराखे, म्हणजे नदीकाठ राखणारे, म्हणवू लागली. या पडीक शेतांची त्यांना बाग करायची होती. राजाची नाही, पाटलाची नाही, सगळ्यांची! कोणीही यावं, सावलीला बसावं, नदी बघावी.

सगुणा दारोदार फिरली. लोकांनी जमिनी हसत दिल्या.

"घे बाई," म्हातारे रखमाजी म्हणाले, "नाहीतरी सध्या डुकरंच नांगरतायत."

पाटील मात्र पक्का व्यवहारी, आणि पडीक जमिनीवर शेवटचा शब्द त्याचाच. तो म्हणाला, "वीटभट्टीवाला त्या मातीसाठी माझ्या मागे लागलाय. पुढच्या सुगीपर्यंत थांबतो. तोवर गाव तिथे जायला लागलं, तर बाग तुमची. नाही लागलं, तर माती त्याची."

"गाव धावत येईल, पाटीलबाबा!" सगुणा म्हणाली.

काय कामाला लागली मंडळी! काटे उपसले, खड्डे खणले, जांभूळ, करंज आणि कदंबाची रोपं लावली. हाताला फोड आले, तरी कोणी थांबेना. सगुणाला झोपेतही झाडं दिसायची.

बाग खुली झाली आणि खरंच, अख्खं गाव आलं. पण आलं आणि काय झालं? जो तो आपापल्या जुन्या शेतात जाऊन बसला!

रखमाजी आपल्या तुकड्यात, त्यांचे शेजारी सखोबा आपल्या तुकड्यात, एकमेकांकडे पाठ करून.

"सखोबाकाका, इथे उन्हात काय बसलात? त्या बाभळीच्या सावलीत जा की!" सगुणा म्हणाली.

"मध्ये रखमाजीचं शेत आहे. मी नाही तिथे पाय ठेवायचा."

"अहो, आता ते शेत नाही, बाग आहे!"

"मग मी पण माझ्या बागेतच बसलोय."

आणि ज्यांचं तिथे कधी शेतच नव्हतं, ते बाहेर उभे राहिले. कुंभारवाड्यातली साळू लेकराला कडेवर घेऊन बागेबाहेरूनच मागे फिरली. "आम्ही कोणाच्या शेतात बसायचं, बाई?" ती म्हणाली. सगुणाच्या काळजाला ते फार लागलं.

त्याचं असं होतं, की त्या गावाला एक जुनी खोड होती. बांध कोरायची. दर नांगरटीला प्रत्येक जण मधल्या बांधाला हळूच फाळ लावायचा आणि थोडी माती आपल्याकडे ओढायचा. कोरून कोरून बांध इतके बारीक झाले होते, की त्यांवरून मुंगी नीट जाईल, माणूस नाही. आणि शेजारी तर एकमेकांशी बोलायचेच बंद झाले होते.

हळूहळू बागेत कोणी येईनासं झालं. सुगी जवळ येत होती. सगुणाचा धीर सुटला.

"मोडा ते बांध!" ती ओरडली. "बांध नसले, तर हे कुठे पाठ फिरवून बसतात बघू!"

काठराख्यांनी सकाळी सकाळी रखमाजी आणि सखोबांमधला बांध सपाट केला. दुपारपर्यंत गाव फावडी घेऊन हजर.

"कोणी मोडला माझ्या आज्याचा बांध?"

"काका, तुम्हीच तर जमीन दिलीत!"

"जमीन दिली," रखमाजी गरजले, "बांध कुठे दिला?"

सखोबांनी मान हलवली. कित्येक वर्षांत दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं! दोघे बांध पुन्हा घालायला लागले, आपापल्या बाजूने. पण विश्वास कुठे होता?

"एवढ्यात दमलास? उद्या तूच कोरशील, म्हणून मी जास्त माती टाकतोय," रखमाजी म्हणाले.

"तू टाकतोस त्याच्या दुप्पट मी टाकतो! बघतोच कसा कोरतोस ते!"

टोपल्यांवर टोपल्या पडत गेल्या. ईर्ष्येने बांध चढत गेला, पसरत गेला. ऊन उतरलं तेव्हा त्यावरून बैलगाडी जाईल एवढा तो रुंद झाला. दोघे दमून त्याच्यावरच बसले, भाकरीचं फडकं सोडून.

तेवढ्यात साळू आली. घागर कमरेवर, लेकरू पुढे. सरळ बांधावर चढली आणि म्हणाली, "सरका की जरा! वाट अडवून काय बसलात?"

आणि काय सांगू! दोघे मुकाट सरकले. कोणाच्या शेतातून चाललीस, असं कोणी विचारलं नाही. साळू थेट नदीपर्यंत गेली.

सगुणा बघतच राहिली. मग टुणकन उडी मारून ती बांधावर चढली.

"काका, चुकलं माझं! बांध मोडायचा नव्हताच. वाढवायचा होता!"

मग तिने काय केलं, ठाऊक आहे? ती दारोदार जाऊन नुसतं विचारू लागली, "रखमाजीकाकांचा बांध बघितलात? तुमचा त्याच्यापुढे फारच किरकोळ दिसतो हं!" झालं! गावाला चेव आला. ज्या हातांनी जन्मभर बांध कोरले, तेच हात बांधांवर माती ओतू लागले. रेघेएवढ्या बांधांच्या प्रशस्त वाटा झाल्या आणि सगळ्या वाटा नदीला जाऊन मिळाल्या. काठराख्यांनी दोन्ही अंगांना रोपं लावली. पोरं त्या वाटांवर शर्यती लावू लागली, म्हातारे फिरायला येऊ लागले, कुंभारवाडा तर रोजचाच झाला.

सुगी आली. पाटील वीटभट्टीवाल्याला घेऊन आला. पण वाटेवर इतकी वर्दळ, की दोघांना बाजूला उभं राहून जागा होण्याची वाट बघावी लागली.

"चांगली माती नेमकी कुठे आहे?" पाटलाने विचारलं.

भट्टीवाला वाकला. चिमूटभर माती चोळून त्याने इकडेतिकडे बघितलं. "सगळी उत्तम माती या लोकांच्या पायाखाली आहे, पाटील. ती खणायची तर आधी एवढं गाव उठवावं लागेल." मग तो हसला आणि त्याने पायातला जोडा काढून हातात घेतला. "ते काही माझ्याच्याने व्हायचं नाही. नदीकडे कुठून जायचं, तेवढं सांगा."

सगुणा त्याच्या पुढे चालू लागली. घाईघाईने, अर्थातच!

बोध: माणसांमधल्या सीमा मोडायला गेलात तर माणसं फावडी उचलतात, त्याच सीमांच्या वाटा करा, मग ती सोबत चालू लागतात.