नव्या गाडीतली जुनी डबी

“…मग पाप कुणाचं, महाराज? करणाऱ्याचं, विकणाऱ्याचं, की डोळे झाकून घेणाऱ्याचं?”

जयपाल चौगुलेचा आवाज इतका चढला होता की बस्तीच्या, म्हणजे गावच्या जैन मंदिराच्या, ओसरीवर जप करणाऱ्या म्हाताऱ्यांनी माळ थांबवून मान वळवली.

चातुर्मासासाठी गावात राहिलेले मुनिमहाराज पाटावर बसले होते. मोरपिसांची पिंछी मांडीशी. ते एवढंच म्हणाले, “कसलं पाप?”

झालं! जयपालला तेवढंच हवं होतं. सांगलीच्या परदेशी गाड्यांच्या शोरूममध्ये गिऱ्हाइकाच्या ताब्यात गाडी द्यायचं काम त्याच्याकडे. आठवडाभर त्याच्या मनात नुसता जाळ पेटला होता.

“गाडी नवीकोरी, महाराज. दार लावलं की बाहेरचं जग बंद. सीटा कातड्याच्या… माफ करा, तुमच्यापुढं ते नको. किंमत तर विचारूच नका. आणि त्याच गाडीत, स्टिअरिंगच्या पोटात, एअरबॅग फुगवणारी डबी बसवलीय ती जुन्या बनावटीची! तिच्यात फटाक्यात असते तशी दारू असते. दमट हवेत काही वर्षं राहिली की ती बिघडते. मग टक्कर झाली की डबीच फुटते. पत्र्याच्या चिंध्या थेट तोंडावर! जीव वाचवायला बसवलेली वस्तू गळा चिरते!”

“बनवणाऱ्याला ठाऊक नाही?”

“ठाऊक नाही? चांगलं ठाऊक आहे! नवी, चांगली डबी तयार आहे. पण जुन्या डब्यांचा ढीग पडलाय, तो कुठं घालणार? घाला या गाड्यांत! चार वर्षांनी गाड्या परत बोलवायच्या आणि डबी बदलून द्यायची, हे आजच ठरलंय. आणि तोवर? तोवर ज्याचं त्याचं नशीब! मालकाला विचारलं तर म्हणतो, ‘चौगुले, कायद्यात बसतंय ना? मग तुझ्या पोटात का दुखतंय?’”

महाराजांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

“गाडी गिऱ्हाइकाला कोण देतं?”

“मीच देतो.”

“देताना काय म्हणतोस?”

“अभिनंदन म्हणतो. पेढा देतो.”

“आणखी?”

“आणखी काय म्हणायचं असतं? ते सोडा, महाराज. पाप कुणाचं ते सांगा.”

महाराजांनी डोळे मिटून घेतले…

जन्मभर अनवाणी चालणाऱ्या माणसाला गाड्यांतलं काय कळणार, असं म्हणत जयपाल घरी आला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी चौका, म्हणजे मुनींच्या आहारासाठी सोवळ्यातला स्वयंपाक, होता. दिगंबर मुनी दिवसातून एकदाच, उभ्यानं, आपल्या ओंजळीत आहार घेतात. ते कुणाच्या दारी थांबतील हे आधी कुणालाच ठाऊक नसतं. पण थांबले तर सगळं शुद्ध हवं, आणि त्या बाबतीत अख्ख्या गावात आपला हात धरणारा कुणी नाही, असा जयपालचा ताठा होता.

“हे पीठ कधीचं?” त्यानं पहाटेच बायकोला, राजमतीला, विचारलं.

“रविवारचं.”

“आज गुरुवार! पावसाळ्यात पिठाची मर्यादा तीन दिवस, हे मी सांगायचं?”

“अहो, नाकाला लावून तरी बघा. काही झालं नाही त्याला.”

“वास आला नाही म्हणून काय झालं? मुदत संपली म्हणजे संपली! महाराजांच्या ओंजळीत हे घालणार होतीस?”

राजमतीनं नवे गहू घेतले आणि जात्याशी बसली. “माझ्यावर बरा आवाज निघतो,” एवढंच ती पुटपुटली.

दहाच्या सुमारास महाराज गल्लीत आले. उजव्या हाताची बोटं जुळवून खांद्यावर ठेवलेली; ती आहाराला निघाल्याची खूण. दारोदार लोक कलश घेऊन उभे होते.

“नमोस्तु महाराज, नमोस्तु! अत्र तिष्ठ, तिष्ठ!”

महाराज जयपालच्या दारी थांबले. राजमतीच्या डोळ्यांत पाणी आलं.

रीतीप्रमाणे जयपालनं खणखणीत आवाजात ग्वाही दिली, “मनशुद्धी! वचनशुद्धी! कायशुद्धी! आहार-पाणी शुद्ध आहे! गृहप्रवेश करावा, महाराज!”

महाराज हलले नाहीत. त्याच्याकडे पाहत राहिले.

ऐकू गेलं नसेल असं वाटून जयपाल पुन्हा म्हणाला, “मनशुद्धी! वचनशुद्धी…”

महाराजांचा खांद्यावरचा हात खाली आला.

हात खाली आला म्हणजे त्या दिवशी आहार नाही. पाण्याचा घोटही नाही.

ते वळले आणि बस्तीकडे चालू लागले. “केस दिसला का हो? मुंगी होती का उंबऱ्यावर?” आहारात विघ्न कशानं आलं ते राजमती ज्याला त्याला विचारत राहिली.

जयपालच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

दुपारी शोरूममधून एक नवी गाडी घेऊन तो तासगावला निघाला. वाटेत आपलं गाव लागलं आणि त्याला राहवेना. फुलांच्या माळा घातलेली गाडी बस्तीसमोर उभी करून तो तरातरा आत गेला.

“काय खोट होती माझ्या आहारात, महाराज? सगळ्या गावासमोर माझं नाक कापलंत! पीठ पहाटे दळलेलं होतं.”

“पीठ शुद्ध होतं.”

“पाणी गाळून उकळलेलं होतं.”

“पाणीही शुद्ध होतं.”

“मग तुम्ही उपाशी का?”

महाराजांचे ओठ सुकले होते. त्यांनी बाहेर पाहिलं. “गाडी कुणाची?”

“तासगावच्या बाबरांची. द्राक्षबागा आहेत त्यांच्या. लेकीला नुकतंच लायसन मिळालं, तिच्यासाठी घेतलीय. किल्ली तिच्याच हातात द्यायचीय.”

“डबी?”

“…तीच. जुनी.”

“तिला सांगणार आहेस?”

जयपाल उसळला. “मी नोकर माणूस, महाराज! माझ्या सांगण्यानं कंपनी सुधारणार आहे? उद्या मालक मला दारात उभा करणार नाही. पाप त्यांचं, आणि विन्मुख जाता माझ्या दारातून! हा कुठला न्याय?”

महाराज उठून उभे राहिले. दोन्ही हात जुळवून त्यांनी ओंजळ केली आणि त्याच्यापुढं धरली.

“घाल.”

“काय घालू, महाराज?”

“तिच्या हातात जे घालणार आहेस, ते.”

जयपालचा हात खिशात गेला. लाल फीत बांधलेली किल्ली बोटांना लागली, आणि हात तिथंच थिजला.



“नाही, महाराज,” तो कसाबसा म्हणाला. “तुमच्या ओंजळीत हे कसं घालू?”

महाराजांनी ओंजळ मागं घेतली नाही.

“मग त्या पोरीची ओंजळ कसली आहे, जयपाल?”