मथुरीची पाठ

पाजवेळच्या खाडीच्या तोंडाशी एक काळा खडक आहे. त्याच्या माथ्यावर एक माणूस ऐसपैस बसेल एवढी जागा झिजून गुळगुळीत झाली आहे. पाहुणे हौसेने वर चढतात, त्या जागेवर बसतात आणि मग इकडेतिकडे बघू लागतात. समोर समुद्र दिसेल असे त्यांना वाटलेले असते. दिसते ते गाव: कौले, माडांचे शेंडे, काठ्यांवर वाळत घातलेले बोंबील, वेळजाईच्या देवळाचा कळस. समुद्र सगळा पाठीमागे राहतो. या खडकाला मथुरीची पाठ म्हणतात.

गावाची दुसरी खूण बंदरात आहे, पण ती कोणी दाखवून दिल्याशिवाय लक्षात येत नाही. तिथे लाल, पिवळ्या, पांढऱ्या, केशरी होड्या आहेत. निळी मात्र एकही नाही. घरांचे दरवाजे निळे आहेत, शाळेची भिंत निळी आहे, निळ्या रंगाशी गावाचे काही वैर नाही. फक्त पाण्यात उतरणाऱ्या लाकडाला तो लावत नाहीत.

नारळी पौर्णिमेच्या आधी होड्या रंगवायला काढतात तेव्हा याबद्दल कोणीतरी विचारतेच. यंदा शहरातून आलेल्या पाहुण्यांपैकी एकाने विचारले. हिराजीआजा जाळे शिवत बसले होते. पाहुण्यांना खडक दाखवण्याचे काम कित्येक वर्षे त्यांनी दुसऱ्या कोणाला करू दिलेले नाही.

"आजोबा, ही होडी निळी केलीत तर फोटोत काय सुंदर येईल!"

"फोटोत येल की," आजा म्हणाले. "पाण्यात दिसाया नको?"

मग त्यांनी जाळे बाजूला सारले आणि पाहुण्यांना बसायला सांगितले. जवळच शेवंतीकाकू सुपात सुकट पाखडत होत्या. आजांची ही गोष्ट सुरू झाली की त्या जागच्या हलत नाहीत. आजा ती एका ठिकाणी चुकीची सांगतात असे त्यांचे म्हणणे आहे, आणि गावातल्या बहुतेक बायकांचेही.

फार पूर्वी, असे सांगतात, पाजवेळच्या सगळ्या होड्या काळ्या असत. मुशी माशाच्या तेलात राळ उकळून ती लाकडाला चोपडायची, लाकडाला कीड लागली नाही म्हणजे झाले, रंगाचा वेगळा विचार कोणी करत नसे. त्या काळी गोमाजी तांडेल गावाचा मुख्य होता. त्याचा थोरला मुलगा एका वादळात होडीसकट गेला. फळीसुद्धा काठाला लागली नाही. मागे धाकटा लखमा उरला. लखमाचे नुकतेच लग्न झाले होते, आणि बायको मथुरी ही पलीकडच्या खाडीवरची मुलगी.

गोमाजीने पुढचे वर्षभर पाण्यात पाय घातला नाही. मग नवी होडी बांधायला घेतली आणि वेळजाईच्या पुढ्यात उभा राहून त्याने समुद्राला नवस केला: 'दर्या, तुझाच रंग माझ्या होडीला चढवीन. तिला तुझी लेक समज. स्वतःच्या लेकीला कोणी बुडवत नाही.'

बंदरात आलेल्या एका परदेशी गलबतावरून त्याने नीळ घेतली. ती तेलात घोटून एकावर एक थर दिले. होडी पाण्यात उतरली तेव्हा गाव बघत राहिले. लखमा आणि त्याचे सोबती कमरेइतक्या पाण्यात उभे राहून चालले आहेत असेच काठावरून वाटत होते. होडी अशी दिसतच नव्हती. लोकांनी हात जोडले. समुद्राने नवस मान्य केला, असे सगळ्यांना वाटले.

मथुरीला तसे वाटले नाही. होडी पाण्यात उतरायच्या आधीच ती सासऱ्याला म्हणाली होती, "मामा, दर्यानं ती आपलीच समजली, तर परत कशाला देल?"

गोमाजी म्हणाला, "नवस मी बोललोय, पोरी. तू घरातलं बघ."

तिने घरातलेच बघितले. त्या गावात नवी सून आली की उंबरा ओलांडण्याआधी दाराच्या चौकटीवर हळदीचा हात उमटवते. मथुरीने हळद तेलात कालवली आणि होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या उंच टोकावर, उजव्या हाताची पाची बोटे उमटवली. घरातला माणूस जिच्यावर राहणार तीही घरच, असे तिचे म्हणणे असावे. गोमाजीने तो पिवळा हात पाहिला. तो ओरडला नाही. नीळ घेऊन आला आणि त्या हातावर आणखी एक थर देऊन तो झाकून टाकला.

हे सगळे झाल्यावर पावसाळा उलटला, होड्या रोज जाऊ लागल्या, आणि दिवाळीच्या सुमाराला अवेळी वादळ आले.

वादळात बाकीच्या होड्या कशाबशा खाडीत शिरल्या. लखमाची आली नाही. दुसऱ्या दिवशी आभाळ स्वच्छ झाले, वारा पडला, समुद्र इतका शांत झाला की त्याच्याकडे बघवेना. गोमाजी स्वतः माणसे घेऊन शोधायला निघाला. दिवसभर फिरून परत आला. त्याच्या पुढच्या दिवशीही गेला आणि तसाच आला. "दर्या रिकामा हाय," एवढेच तो म्हणाला.

काठावर सगळे गाव डोळे लावून बसले होते. मधूनच कोणीतरी उठून ओरडे, "ती बघा, ती!" सगळे त्या बाजूला धावत, तिथे काही नसे. एकाच जागी उभ्या असलेल्या दोघांना दोन दिशांना दोन होड्या दिसत. रडारड होई, मग पुन्हा सगळे बघत बसत.

मथुरी तेवढी खडकावर जाऊन समुद्राकडे पाठ करून बसली.

हिराजीआजा इथे आवाज थोडा उतरवतात. "ती दर्यावर रुसली. म्हनली, माझा माणूस देत नाय तवर तुझं तोंड बघणार नाय. सौभाग्यवती बाई पाठ फिरवून बसली, तवा दर्याला पण..."

"रुसली न् काय!" शेवंतीकाकूंनी सूप खाली ठेवले. "डोळं निववत होती. आजा, किती वेळा सांगू?"

"मी माझ्या आज्याकडनं ऐकलंय."

"तुमच्या आज्याला आजीनं सांगितलं नसंल. सारखं पाण्याकडं बघितलं की डोळं खोटं दाखवतात. कोळ्याच्या घरात जन्मलात, एवढं पण माहीत नाय?"

पाहुणे हसले. आजांनी पागोटे सारखे केले आणि त्या जागेवरून गोष्ट जरा घाईने पुढे नेली. खरे तर ती घाईने नेण्याची जागा नाही.

बायका सांगतात ते असे. मथुरी खडकावर बसून गावाकडे बघत असे. घरे, झाडे, कावळे, जे जागेवर असते ते. डोळे शांत झाले की ती एकदाच वळे, समुद्रावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवी आणि पुन्हा पाठ करून बसे. हे तिने कोणाला समजावून सांगितले नाही, कारण कोणी विचारलेच नाही. नवरा समुद्रात असताना ही पाठ फिरवून बसते, एवढेच लोकांनी पाहिले. एका म्हातारीने तिला अवलक्षणी म्हटले. दुसरीने तिच्यावर वाळू फेकली.

शोधाच्या तिसऱ्या दिवशी देवळापुढे वडीलधारे बसले. वडीलधारे असे गोल करून बसतात तेव्हा काहीतरी संपवायचे ठरलेले असते. शोध थांबवावा, मथुरीला खाली आणावे आणि तिच्या बांगड्या उतरवाव्यात, असे ठरले. एकदा बांगड्या उतरल्या की त्या घरच्या माणसाला कोणी शोधायला जात नाही. हे मथुरीलाही माहीत होते.

निरोप घेऊन गोमाजीच खडकापाशी आला. दोन दिवसांत तो म्हातारा झाला होता.

"चल, बाय," तो म्हणाला. "होडी दर्यानं ठेवून घेतली."

"तुम्हीच त्याला लेक दिलीत, मामा," मथुरी म्हणाली. "मना अजून एकदा बघू द्या."

ती वळली. एका टोकापासून नजर फिरवत आली, आणि एका जागी थांबली.

"तिथं कोणीतरी हात वर केलाय," ती म्हणाली.

गोमाजीने बघितले. काठावरच्या सगळ्यांनी बघितले. कोणालाच काही दिसले नाही. सगळीकडे निळे होते. पण मथुरीने उजवा हात उचलून बोट रोखले आणि सांगितले, पिवळा ठिपका आहे, पाण्याच्या वर आहे, आणि तो हलत नाही.

बाईने होडीत बसायचे नाही अशी त्या वेळी रीत होती, आणि रीत मोडायला वेळही नव्हता. मथुरी म्हणाली, "मी बोट धरून ठेवते. तुम्ही बोटाच्या रेघेत जा." वल्हवणारा पाठमोरा बसतो, समुद्रात जाताना त्याचे तोंड काठाकडे असते. गोमाजीने स्वतः वल्ही घेतली. समुद्राकडे एकदाही न बघता, सुनेच्या हाताकडे बघत तो होडी नेऊ लागला. काही वेळाने मथुरीच्या डोळ्यांना धारा लागल्या. तिने ते मिटून घेतले, पण हात तसाच ठेवला. तो खाली येऊ लागला तेव्हा, म्हणे, जिने वाळू फेकली होती तीच बाई खडकावर चढली आणि तिने मथुरीचे कोपर आपल्या खांद्यावर घेतले.

होडी सापडली ती त्या रेघेत. डोलकाठी मोडलेली, सुकाणू गेलेले, आत लखमा आणि त्याचे सोबती तहानेने आडवे पडलेले, पण जिवंत. नाळेवर निळीचा एक थर एका जागी सोलून निघाला होता, आणि त्याखालून पाच बोटांचा हळदीचा हात नुकता उमटवल्यासारखा बाहेर आला होता. बाकी सगळ्या होडीची नीळ जशीच्या तशी होती. समुद्राने आपला रंग तेवढ्या जागेवरून परत घेतला, असे सांगतात. तेलकट हळदीवर नीळ धरली नसेल, असेही कोणी म्हणते. दोन्ही सांगणारे हात जोडूनच सांगतात.

लखमाला पाणी पाजले. बोलता आले तेव्हा तो बापाला म्हणाला, "बाबा, काल तुमी आमच्या बाजूनं गेलात. तुमचा खोकला मी ऐकला. हाक मारली, पण गळ्यातनं आवाज निघंना."

गोमाजीने पुन्हा वल्ही घेतली. परत येईपर्यंत तो वल्हवत राहिला आणि मान वळवून वळवून मथुरीचा हात अजून तसाच वर असलेला बघत राहिला. काठाला आल्यावर कोणीतरी तिला सांगितले, आता खाली घे. तेव्हा तिने तो घेतला.

दुसऱ्या दिवसापासून गोमाजी शिंपल्याने होडी खरवडू लागला. कोणाला हात लावू दिला नाही. सगळी नीळ निघून लाकूड उघडे पडले, तेवढी एक हळदीची जागा त्याने सोडली. मग तो सुनेसमोर जाऊन उभा राहिला. गावाच्या मुख्याने सुनेला काही विचारायची ती पहिलीच वेळ असावी.

"कंचा रंग देऊ?"

मथुरी म्हणाली, "मना आवडंल तो नको. तुमाला आवडंल तो पण नको. फळकुटं रंगवा, ओहोटीला सोडा, आणि मना हाक मारा." आणि ती खडकावर जाऊन पाठ करून बसली.

हिराजीआजा इथे थांबतात, कारण पुढचे सांगायचे नसते, दाखवायचे असते. यंदा पाहुण्यांचे नशीब चांगले होते. रोहिणीच्या घरची होडी नवी होती आणि त्याच संध्याकाळी तिचा रंग ठरायचा होता. रोहिणी, लग्न होऊन दोन वर्षे झालेली, खडकावर जाऊन बसली. तिच्या नवऱ्याला पांढरा हवा होता, सासऱ्याला लाल, आणि दोघांनीही हे आठवडाभर सगळ्या गावाला सांगितले होते. आता दोघे गप्प होते. वेगवेगळ्या रंगांची फळकुटे ओहोटीबरोबर खाडीच्या तोंडातून बाहेर पडली आणि लांब लांब जाऊ लागली.

"लाल बघ गो, लाल!" हिराजीआजांना राहवले नाही.

"आजा, तोंड मिटा," चार बायका एकदम म्हणाल्या. आजांनी मिटले.

हाक गेली. रोहिणी वळली, तिने नजर फिरवली, आणि जे सगळ्यात आधी दिसले त्यावर बोट रोखले. "नारिंगी," ती म्हणाली. नवऱ्याचा चेहरा पडला. त्याला तो रंग आवडत नाही हे सगळ्यांना ठाऊक होते. तरी तो लगेच डबा आणायला निघाला.

खडकावरची ती जागा मथुरीच्या बसण्याने झिजली असे आजा सांगतात. एक बाई तीन दिवस बसून दगड झिजत नाही. तिच्यामागून घराघरातल्या बायका पाठ करून बसत आल्या, त्याने तो झिजला आहे.

आजही पाजवेळला होडीचा रंग आवडीने ठरत नाही. सगळी होडी रंगवून झाली की नाळेवर हाताएवढी जागा कोरी सोडतात, आणि ती सोडली आहे ना हे घरातला सगळ्यात मोठा पुरुष वाकून बघतो. मग घरची बाई येते आणि हळदीचा हात उमटवते. त्यावर कोणी दुसरा थर देत नाही.