नुसते ओठ हलव

एकदा एका विद्यापीठात एक वृद्ध आचार्य होते. इंग्रजी आणि फ्रेंचचे भावी शिक्षक घडवण्यात त्यांचे केस पांढरे झाले होते. त्यांच्या हाताखाली एक विद्यार्थिनी फ्रेंच शिकवण्याचे शिक्षण घेत होती. तिचे उच्चार असे नेमके, की मैत्रिणी म्हणत, हिला ठसकासुद्धा फ्रेंचमध्ये लागतो.

वर्षअखेरीचा परीक्षेचा पाठ तिला एका शाळेत, नववीच्या वर्गावर घ्यायचा होता. पाठ उत्तम झाला, तर त्याच शाळेत नोकरी मिळणार होती. तयारी सगळी झाली होती. अडचण एकच, कल्याणी नावाची मुलगी. वर्ग एका सुरात फ्रेंच वाक्य म्हणू लागला की हिचा जाड, अडखळता आवाज भाताच्या घासात खडा लागावा तसा मध्येच लागायचा. आदल्या दिवशी विद्यार्थिनीने तिला बाजूला घेतले आणि गोड शब्दांत सांगितले, "उद्या तू आवाज काढू नकोस हं. नुसते ओठ हलव."

पाठ दृष्ट लागण्यासारखा झाला. आचार्य मात्र नेमके मागच्या बाकावर, कल्याणीशेजारी बसले होते. त्यांनी वहीत एक अक्षरही लिहिले नाही.

विभागात परतल्यावर तिने अधीरपणे विचारले, "सर, पाठ कसा वाटला?"

आचार्य तिच्याकडे पाहून बोलू लागले. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

"सर, ऐकू येत नाही."

ते पुन्हा तसेच बोलले. सरांचा घसा बसला की आपलेच कान गेले, तिला कळेना. ती पार रडकुंडीला आली.

मग ते हळू आवाजात म्हणाले, "अर्ध्या मिनिटात कासावीस झालीस. माझ्या शेजारी ती मुलगी अख्खा तास अशीच बोलत होती. मी कारण विचारले, तर म्हणाली, माझ्या आवाजाने बाईंचा पाठ बिघडतो. अगं, आजाऱ्यांना दारातूनच परत पाठवले तर कोणत्याही वैद्याला यश येईल. तिचे चुकलेले उच्चार, तोच तर तुझा पाठ होता. तोच तू गप्प बसवलास."

विद्यार्थिनीची मान खाली गेली. आपल्या सुरेख उच्चारांची तिला आयुष्यात प्रथमच लाज वाटली. गुण किती मिळाले, हे विचारायचे तिला सुचलेही नाही.

दुसऱ्या दिवशी कोणी न बोलावता ती शाळेत गेली आणि मधल्या सुट्टीत कल्याणीशेजारी बाकावर बसली.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "आता कालचं फ्रेंच वाक्य मोठ्याने म्हण. कसंही म्हण."

कल्याणीने मान डोलावली आणि वाक्य म्हटले. ओठ बरोबर हलले. आवाज आला नाही.

बाईंनी शिकवलेल्या साऱ्यातले एवढे मात्र ती पक्के शिकली होती. विद्यार्थिनीने आपला कान तिच्या ओठांपाशी नेला आणि ती वाट पाहत राहिली.