एका चाव्याची रोटी

त्या राज्यात कापूस फार होता आणि रोटी कमी होती.

कापूस खाता येत नाही, हे शेळीला माहीत होते आणि गाढवालाही. तरी नदीचे सगळे पाणी कापसाला जाई. ही नदी पूर्वी वाळवंट ओलांडून एका समुद्राला मिळत असे. पुढे तिला इतके पाट फोडले की समुद्राला द्यायला तिच्याजवळ काही उरेना. समुद्र मागे हटत हटत दिसेनासा झाला. मासे धरण्यात जन्म गेलेले पाणकोळी वाळूत कलंडलेल्या होड्यांच्या सावलीला उभे राहू लागले. काय करता म्हणून कोणी विचारले तर म्हणत, समुद्राची वाट बघतो. त्यांना कोणी हसत नसे. हसण्याइतके वेगळे ते राहिले नव्हते.

कापूस फुटला की शाळा बंद होत आणि दवाखानेही. वैद्य बोकड कापूस वेची. त्याचे रोगी शेजारच्या सरीत कापूस वेचत. ओली बाळंतीण मेंढी वेची, आणि तिचे कोकरू कापसाच्या ढिगावर निजे. ढीग राजधानीला जाई. कोकरू रिकाम्या जमिनीवर येई.

राज्य एका दुंबा मेंढ्याचे होते. दुंब्याची चरबी शेपटीत साठते. ह्या दुंब्याची शेपटी इतकी वाढली होती की तिच्याखाली दोन चाकांची गाडी बसवावी लागली होती आणि ती गाडी मागून ढकलायला गाढवे नेमली होती. राज्य किती भरभराटीला आले, ते ह्या शेपटीवरून ठरे. दरवर्षी ती सुताने मोजत. ती वाढली की दरबारची साळुंकी गावोगाव उडत जाऊन सांगे, राज्य पुढे गेले. ऐकणाऱ्यांची पोटे पाठीला लागलेली असत. ते खूर आपटून आनंद दाखवत. कोण आपटत नाही, ते बघायला कुत्रे होते.

राजधानी पांढऱ्या दगडाची होती. तिथे पांढऱ्यांनीच फिरावे असा नियम होता. काळी शेळी कामाला जाताना अंगाला चुना फासून जाई आणि परतताना पाटाच्या चिखलात तो धुऊन टाकी.

अशा राज्यात तरणी जनावरे राहत नाहीत. ती उत्तरेला जात. उत्तरेत बर्फ होता, जंगल होते आणि दुसऱ्यांची घरे बांधायची होती. साळुंकीच्या बातम्यांत मात्र राज्य सोडून कोणीच जात नव्हते.

जाणाऱ्यासाठी त्या मुलखात एक जुनी रीत होती. साळिंदर तंदुरात एक गोल रोटी भाजी आणि तिच्या मध्यावर आपल्या काट्यांनी नक्षी टोची. जाणारा उंबऱ्यावर उभा राहून तिचा एकच घास घेई. उरलेली रोटी घरच्या भिंतीवर टांगत, चावलेली बाजू रस्त्याकडे करून, म्हणजे जाणाऱ्याला परतीची वाट सापडते. तो परत येई तेव्हा तीच रोटी भिजवून त्याने संपवायची. तोवर तिला दुसऱ्या कोणी तोंड लावायचे नाही. दुसऱ्याने खाल्ली तर जाणाऱ्याची वाट तुटते, असे सगळे मानत. आणि उंबऱ्यावर घास घेतला की जायचेच. एका बोकडाने घास घेतला आणि तेवढ्यात गारा पडू लागल्या. तो म्हणाला, उद्या निघतो. शेजाऱ्यांनी काही ऐकले नाही. घरापासून वेशीपर्यंत दोन्ही बाजूंनी ते मुकाट्याने उभे राहिले, आणि बोकड गारा खात गेला. चावून थांबलेला घरादाराला भोवतो, अशी त्यांची खात्री होती.

कडेच्या गावात मेहरी नावाची सांडणी राही. दोन वशिंडांची, वयस्कर, कमी बोलणारी. दोन्ही वशिंडे रिकाम्या पिशव्यांसारखी एका अंगाला लवंडली होती. तिच्या मुलाचे नाव तुर्सुन. तुर्सुन म्हणजे राहो. आधीची पिल्ले राहिली नव्हती, म्हणून ते नाव.

एका सकाळी तुर्सुन म्हणाला, "आई, पाटाला औंदा पाणी नाही. जातो."

"जा."

"रागावलीस?"

"तुझ्यावर नाही."

साळिंदराने रोटी आणली. तुर्सुनने अगदी लहान घास घेतला. साळिंदर म्हणाला, "अरे, एवढं मोठं थोबाड आणि चिमणीचा घास?"

"सगळी खाल्ली तर परत कशाला येऊ, काका?"

मेहरीने त्याच्या गळ्यात एक पुरचुंडी बांधली. तीत वाळवलेले जर्दाळू होते आणि चिमूटभर घरची माती. शेजारी दोन्ही बाजूंनी उभे राहिले. कोणी बोलले नाही, कारण निरोपाचा शब्द पायात अडकतो म्हणतात. तुर्सुन मागे न बघता गेला. मेहरीने त्याच्या वाटेवर वाडगाभर पाणी ओतले. प्यायच्या पाण्यातले ते होते.

मग ती रोटीची राखण करू लागली. धूळ बसली की फुंकर मारी. मुंग्या दिसल्या की खिळ्याभोवती राख लावी. एकदा उत्तरेकडून करकोचे आले. तुर्सुन ओंडके ओढतो, एवढे त्यांनी सांगितले. तिथे त्याला नावाने कोणी हाक मारीत नाही, "ए, ओझं" म्हणतात, हेही सांगितले. मेहरीने विचारले, "रोटीचं काही बोलला?"

"आहे का, एवढं विचारलंय."

"आहे म्हणावं."

गावात आता घर तेवढी रोटी होती. काही भिंतींवर तर खिळ्याला जागा नव्हती.

त्याच सुमारास कापूस न्यायला दूरदेशीचे हंस आले. गुबगुबीत, स्वच्छ, सगळ्याला छान म्हणणारे. साळुंकी त्यांना रस्त्याने मिरवत नेत होती. एका हंसाने विचारले, "भिंतींवर ह्या रोट्या कशाच्या? आणि प्रत्येकीचा तुकडा कसा गेला?"

साळुंकीचा जन्म त्याच मुलखातला. तिच्या स्वतःच्या घरट्याखाली तिच्या मुलाची रोटी होती. ती म्हणाली, "आमच्याकडे रोटी इतकी आहे की एक घास खाऊन उरलेली टांगून ठेवतात."

हंस म्हणाले, छान.

दुंब्याला हे उत्तर फार आवडले. त्याने हुकूम काढला की राज्यातल्या सगळ्या टांगलेल्या रोट्या राजधानीत आणाव्यात आणि महालाच्या मोठ्या भिंतीवर लावाव्यात. भरभराट एका ठिकाणी दिसली पाहिजे. मग हंसांसाठी तिथेच मेजवानी होईल.

साळुंकी दोन कुत्रे घेऊन मेहरीच्या दारात आली.

"मेहरीबाई, रोटी सरकारांना हवी आहे."

"माझी असती तर दिली असती. तुर्सुनची आहे."

"तो कुठे आहे?"

"उत्तरेला."

"उत्तरेला आपल्याकडचं कोणी जात नाही. बातम्या ऐकत नाही का तुम्ही?"

"ऐकते. तूच सांगतेस ना त्या."

"मग जो गेलाच नाही, त्याची रोटी कशी असेल? म्हणजे ती कोणाचीच नाही. कोणाची नाही ती सरकारची. नीट विचार करा म्हणजे तुम्हालाही पटेल."

मेहरी दारात आडवी उभी राहिली. एका कुत्र्याने तिच्या गुडघ्याला धरले. दुसऱ्याने खिळ्यावरून रोटी उतरवली. त्याने ती दातात धरली नाही, ओठात धरली. त्याचा भाऊही उत्तरेत होता.

मेहरी लंगडत रोटीच्या मागे चालू लागली. पुढच्या गावात दुसऱ्या घरांच्या भिंती रिकाम्या झाल्या आणि तिथल्या आया तिच्यामागे निघाल्या. राजधानीच्या वेशीत पहारेकऱ्यांनी सगळ्यांना चुना फासला आणि आत सोडले. मेजवानीला खुश प्रजा लागणारच होती.

महालाची भिंत जमिनीपासून छतापर्यंत रोट्यांनी भरली होती. चावे कुठल्याही दिशेला होते, कसेही. प्रत्येक आईने आपली रोटी शोधली आणि ती तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

हंस आत बसले. दुंबा दारातच उभा राहिला, कारण त्याच्या शेपटीची गाडी दारातून आत येत नव्हती. दार मोठे करायचे काम चालू होते. ते दरवर्षीच चाले.

एक हंस म्हणाला, "दिसतं छान. पण ह्या खऱ्या आहेत, की मातीच्या?"

दुंब्याला राग आला. पण कापूस विकायचा होता. तो म्हणाला, "सगळ्या उतरवा. रश्श्यात भिजवा. पाहुण्यांना वाढा."

मोठ्या कढया उकळत होत्या. कुत्रे भिंतीवर चढले आणि रोट्या उतरवू लागले. मेहरी पुढे झाली. तिला मागे ढकलले. ती पुन्हा पुढे झाली.

"सरकार, ती माझ्या मुलाची आहे. तेवढी ठेवा. ती गेली तर तो यायचा नाही."

"तुझा मुलगा? तो तर इथेच असेल कुठेतरी," दुंबा म्हणाला. "माझ्या राज्यातून कोण कशाला जाईल?"

हे तो खोटे बोलत नव्हता. त्याला तसेच सांगितलेले होते, आणि त्याच्या घरातून कधी कोणाला जावे लागले नव्हते.

तुर्सुनची रोटी कढईच्या काठापर्यंत आली. पण यजमानाने आधी खाल्ल्याशिवाय पाहुण्याने खायचे नाही, हा तिथला शिष्टाचार होता आणि हंस शिष्टाचाराचे पक्के होते. ते माना वळवून थांबले. दुंब्यापुढे भिंतीवरची एक रोटी आणली. त्याने ती नुसती हुंगली.

"हा दगड आहे. ह्याने माझे दात जातील. मला ताजी आणा. तोवर थांबा सगळे."

आयांच्या मागून आलेल्या साळिंदराला उठवले. सरकारी कोठारातले पीठ त्याला दिले. इतके पांढरे पीठ त्याने वर्षानुवर्षे पाहिले नव्हते. त्याने रोटी थापली आणि मध्यावर काटे टोचले. नक्षी प्रवाशाच्या रोटीची होती. लग्नाची, बारशाची, सणाची नक्षी तो विसरून गेला होता. कोणी मागतच नव्हते.

रोटी तंदुरातून निघाली. दुंबा उंबऱ्यावर उभा होता. त्याने सगळ्यांकडे एकदा बघितले आणि एक घास घेतला.

त्याला भूक नव्हती. भूक असती तर त्याने सगळी रोटी खाल्ली असती आणि पुढे काही झाले नसते. त्याने एक घास गिळला आणि बाकीची रोटी बाजूला सारली.

कुत्रे भिंतीवर होते तिथेच थांबले. साळुंकीने चोच उघडली. तिला सगळे समजले होते. तिने आयांकडे बघितले, कुत्र्यांकडे बघितले, आणि चोच मिटली.

मेहरी पुढे झाली. ह्या वेळी तिला कोणी ढकलले नाही. तिने दुंब्याची रोटी उचलली आणि साळिंदराकडे दिली. मग तुर्सुनसाठी भरून ठेवलेली दुसरी पुरचुंडी तिने आपल्या गळ्यातून सोडवली आणि दुंब्याच्या गळ्यात बांधली. दुंब्याने मान ताठ केली. त्याला तो हार वाटला.

आया बाहेर पडल्या. उंबऱ्यापासून वेशीपर्यंत त्या दोन्ही बाजूंनी उभ्या राहिल्या. भिंतीवरून कुत्रे उतरले आणि रांगेत शिरले. चुना फासलेल्या शेळ्या आल्या. रस्ते झाडणारे आले, दगड घासणारे आले. सगळ्यांत शेवटी साळुंकी आली आणि वेशीजवळ, जिथून सगळे नीट दिसते तिथे बसली. योग्य वेळी योग्य जागा तिला नेहमीच सापडत असे.

"बघितलंत?" दुंबा हंसांना म्हणाला. "मी एक घास खाल्ला तर ही गर्दी. आता मला ह्यांच्यामधून चालावं लागणार. त्याशिवाय ही मंडळी हलायची नाहीत."

हे मात्र खरे होते.

तो निघाला. गाढवे गाडी ढकलू लागली. दोन्ही बाजूंना जनावरे होती आणि एकाही तोंडातून शब्द नव्हता. एवढा आदर त्याने कधी पाहिला नव्हता. खूर आपटण्याचा आवाजही आज नव्हता. तो डाव्या उजव्या बाजूला मान हलवत चालला. मागे त्याने बघितले नाही. शेपटीमुळे त्याला मागचे कधीच दिसत नसे.

वेशीत गाढवे थांबली. निरोपाला आलेले वेशीपर्यंतच येतात. त्यांनी शेपटीखालून गाडी काढून घेतली. शेपटी धुळीत पडली.

"ढकला की रे," दुंबा म्हणाला.

कोणी ढकलले नाही. मेहरीने वाडगाभर पाणी त्याच्यामागे ओतले. मग कुत्र्यांनी वेस लावली. बाहेर बराच वेळ काहीतरी जड फरफटत असल्याचा आवाज येत होता.

हंस म्हणाले, छान प्रथा आहे. आणि कापसाची चौकशी आता कोणाकडे करायची, ते विचारू लागले.

कढयांखालचा विस्तव विझवला होता. आयांनी आपापल्या रोट्या घेतल्या, छातीशी धरल्या आणि त्या वाटेला लागल्या. गाव लांब होते. मेहरीचा गुडघा सुजला होता. तुर्सुनच्या रोटीचा रश्श्याच्या वाफेने ओलसर झालेला काठ ती जाता जाता उन्हाकडे धरत होती.

निघण्याआधी तिने एक काम केले होते. रीत ती रीत. साळिंदराकडून तिने दुंब्याची रोटी घेतली होती आणि त्या मोठ्या उघड्या भिंतीच्या मधोमध टांगली होती. चावलेली बाजू भिंतीकडे करून.