ओतून दिलेले घडे

फार पूर्वी उदुंबर नगरात धृतिवर्मा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या तळ्याचा राखणदार होऊन जन्मला होता. त्याचे नाव वरुणदत्त. सारे नगर त्या एकाच तळ्याचे पाणी पीत असे. रोज सकाळी राखणदाराने लोकांसमोर पहिली ओंजळ प्यावी आणि मगच घडे भरावेत, अशी रीत होती. पाणी बरे आहे की नाही ते कळावे म्हणून कोणी शहाण्याने ती घातली होती. पण पिढ्या गेल्या, आणि राखणदाराचे ओठ लागले की पाणी शुद्ध होते, असे लोक समजू लागले.

मग पाऊस चुकला, पुढच्या वर्षीही चुकला. तळे आटले. उरलेले पाणी हिरवे झाले आणि त्यावर मेलेले मासे तरंगू लागले. वरुणदत्ताने ओंजळ भरली, हुंगली आणि सोडून दिली. तो राजाकडे गेला.

"महाराज, तळ्याचं पाणी विषारी झालंय. राजवाड्यातलं कमळतळं लोकांना मोकळं करा."

"ते राणीच्या कमळांचं आहे," राजा म्हणाला. "तू नुसते ओठ लाव. लोक समाधानानं पितील."

"आणि मरतील, महाराज."

राजाने तोंड फिरवले.

घाटावर लोक ताटकळले होते. रेवती कुंभारीण ओरडली, "काय रे वरुणदत्ता, तळं राखता राखता जिभेचे चोचले वाढले वाटतं! माझी नातवंडं तहानेनं निपचित पडलीत."

वरुणदत्ताचा धाकटा भाऊ शोणक तापट होता. तो तिच्या अंगावर धावला. "दादाला बोलायचं काम नाही!"

वरुणदत्ताने त्याला मागे ओढले. काहीजण पाण्यात उतरलेसुद्धा होते. नुसत्या शब्दांनी ते थांबणार नाहीत, हे त्याने ओळखले.

"घडे भरा," तो म्हणाला, "पण सूर्य मावळेपर्यंत थेंब तोंडात घालू नका. मी पितो. तेव्हा मी उभा असलो, तर प्या."

"दादा, मी पितो ना! मला काही होत नाही."

"तू प्यालास तर म्हणतील, राखणदारानं भावाला पुढं केलं. सरक बाजूला."

तो पोटभर प्याला. दुपारी त्याच्या पोटात कळा सुटल्या. शोणकाने त्याचे डोके मांडीवर घेतले. सूर्य मावळला तेव्हा वरुणदत्त उठला नाही.

फुटलेल्या ओठांची रेवती पुढे आली आणि तिने आपला भरलेला घडा जमिनीवर ओतला. मग शेजारणीने ओतला. मग सगळ्यांनी. तहानेने व्याकूळ झालेल्या त्या नगरात एकानेही घोट घेतला नाही. शोणक हुंदके देत होता, पण त्याची मान ताठ होती.

"बघून घ्या सगळे! हा माझा दादा!"

राजाने ते राजवाड्याच्या सज्ज्यातून पाहिले. तो अनवाणी खाली आला आणि त्याने स्वतःच्या हाताने कमळतळ्याचे दार उघडले. नगर जगले.

एवढी कथा सांगून शास्ता, म्हणजे बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तो राजा म्हणजे आज विहाराचे पाणी भरणारा उत्तिय. रेवती ही भिक्षुणी सुतना. शोणक म्हणजे हा माझा शिष्य आनंद, आणि राखणदार तो मीच. तहानलेल्यांनाही खोटा दिलासा न देणे, हीच सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता."

आनंदाचे डोळे भरले होते. मान मात्र ताठच होती.