चौथा दिवस

"मग चौथा दिवस कुणाचा होता, तेवढं सांगा बुवा."

दिगू मठीच्या उंबऱ्याबाहेर उभा राहून विचारत होता. डोक्यावरचं मुंडण अजून हिरवट दिसत होतं. त्याच्या थोरल्या भावाचं, भागवतचं, तेरावं कालच झालं होतं.

रंगनाथबुवा घेवड्याच्या शेंगा मोडत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "आत ये आधी. टाळकं तापेल."

"तापू द्या."

"बरं, तापू दे. चौथा दिवस म्हणजे कुठला? मला म्हाताऱ्याला काय ठाऊक?"

दिगू गावच्या पाण्याच्या टाकीवर कामाला होता. टाकी मठीच्या मागेच, त्याच टेकडीवर. पंचायतीत हातापाया पडून त्याला तिथं चिकटवला तो भागवतनेच. नाहीतर चौथीतून शाळा सोडलेल्या पोराला कोण विचारतं? पहाटे मोटार सुरू करायची. बादलीत ब्लीचिंग पावडर कालवायची, चुना तळाला बसू द्यायचा, आणि वरचं निवळ पाणी शिडीनं चढून टाकीत ओतायचं. पावडरीशिवाय एक थेंब खाली सोडायचा नाही. दिगू शिडीच्या पायऱ्यासुद्धा झाडायचा. कुणी सांगितलं नव्हतं.

पाच महिन्यांपूर्वी पंचायतीने त्याचा पगार आठ हजारांवरून सहावर आणला. पाणीपट्टी वसूल होत नाही, म्हणाले. कागदावर अंगठा... नाही, सही घेतली. तेवढी त्याला येत होती.

"रुपयामागे चार आणे कापले बुवा. चार दिवसांतला एक दिवस कापला, असंच झालं ना?"

"हिशेब बरोबर आहे."

"मग मी पण कापला. पहिल्यांदा पायऱ्या झाडायचं सोडलं. मग दर चौथ्या दिवशी पावडर टाकायचं सोडलं. नुसती मोटार चालू करायची आणि शिडीखाली बसून तंबाखू मळायची. तो दिवस माझा नाहीच, म्हटलं. त्याचे पैसे मला मिळतच नाहीत."

"किती दिवस चाललं?"

"पाच महिने. कुणाला काही झालं नाही. कुणाला कळलंसुद्धा नाही."

बुवांनी एक शेंग मोडली. आत किडकी निघाली. बाजूला टाकली.

"मग?"

"मग वेशीजवळ गटारातून जाणारा नळाचा पाइप फुटला. घाण पाण्यात शिरली. सात जणांना जुलाब-उलट्या. सहा जण वाचले."

सातवा कोण, हे बुवांनी विचारलं नाही.

"मी बोटांवर मोजलं," दिगू म्हणाला. "दवाखान्याच्या जिन्यात बसून मोजलं. तीनदा मोजलं. तो दिवस चौथा होता."

त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. दोन आठवड्यांत एकदाही आलं नव्हतं. बायका म्हणत होत्या, पोरगं दगड झालंय. त्याला स्वतःलाही तसंच वाटत होतं. चहाचा कप हातात दिला तर गरम लागत नव्हता.

"सरपंचाने मारलं माझ्या भावाला," तो म्हणाला. "पगार कापला नसता, तर मी एक दिवस चुकवला नसता. खरं की खोटं?"

"खरं असेल."

"असेल नाही. आहे."

"बरं, आहे. मग माझ्याकडे कशाला आलास? सरपंच खाली राहतो. मी वर."

दिगूनं पाय मागे घेतला.

"त्याच्या दारात जा. पगार कापला तो अन्यायच आहे, सगळ्या गावासमोर सांग. मी येतो तुझ्याबरोबर. हवं तर टाळ घेऊन येतो, सरपंचाची झोप तरी मोडेल."

दिगू हसला नाही. खाली बसला. उंबऱ्यावरच.

"वहिनीला डॉक्टरांनी विचारलं," तो हळू म्हणाला, "पाणी उकळून का पीत नव्हता? तालुक्यात साथ आहे, माहीत नव्हतं का? तर वहिनी म्हणाली..."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, आम्ही कशाला उकळू? टाकीवर आमचे भाऊजी आहेत."

बुवांचे हात थांबले.

टेकडीखाली कुणाचा तरी रेडा ओरडत होता.

"दादा जागा होता," दिगू म्हणाला. "तो खाटेवर होता. ऐकत होता. मान हलवली त्यानं. हो म्हणून. माझ्याकडे बघून... मी तिथंच उभा होतो बुवा. मी काहीच बोललो नाही. तो तसाच गेला."

"तसाच म्हणजे?"

"माझ्यावर विश्वास ठेवून."

बुवा उठले. कोपऱ्यातल्या नळाखाली बादली होती. त्यांनी तांब्या बुडवून पितळी पेला भरला आणि परत येऊन बसले.

"घसा कोरडा पडला," म्हणाले. "हे आज सकाळचंच. तू सुतकात गेल्यापासून मोटार कोण चालू करतं रे?"

"पंचायतीचा शिपाई. बटण दाबतो आणि जातो."

"आणि आरोग्य खात्याची माणसं?"

"आठ दिवस टाकीवरच होती. परवा गेली."

"असं होय..."

बुवांनी पेला तोंडाजवळ नेला.

दिगूचा हात कधी पुढे गेला, त्याचं त्यालाच कळलं नाही. त्यानं पेला बुवांच्या ओठांपासून ओढला. निम्मं पाणी बुवांच्या दाढीवर, निम्मं शेंगांवर. उरलेलं त्यानं नाकाशी धरलं. एकदा हुंगलं. परत हुंगलं.

"वास नाही याला."

"कसला वास?"

"पावडरीचा. कुणी टाकलीच नाही. परवापासून कुणी वर चढलंच नाही. पिऊ नका."

"का? गाव पितंय की."

दिगू टेकडीखाली बघू लागला. घरं, पत्रे, दोऱ्यांवरचे कपडे. वहिनीच्या अंगणात तिचा लहानगा उघडाच फिरत होता. हातात वाटी.

"पण दिगू," बुवा दाढी पुसत म्हणाले, "आज तुझा दिवस आहे का?"

दिगू अजून त्या अंगणाकडेच बघत होता.

"तू कामावर नाहीस. आजचा पगार तर तुला सहा हजारांतलाही मिळायचा नाही. तुझ्या हिशेबानं हा दिवस कुणाचाच नाही. मग तुझा हात मध्ये कशाला आला?"

दिगूनं हातातल्या पेल्याकडे पाहिलं. आणि पहिल्यांदाच, दोन आठवड्यांत पहिल्यांदाच, त्याला काहीतरी जाणवलं. पितळ गार होतं.

तो उठला. पेला उंबऱ्यावर ठेवला. टाकीच्या वाटेला लागला, परत वळला, आणि टेकडी उतरणाऱ्या पायवाटेशी येऊन थांबला.

"आधी वहिनीकडे जाऊन येतो," म्हणाला. "पिऊ नका म्हणून सांगतो. आणि... का, तेही सांगतो. मग टाकीवर चढतो."

"जा."

दोन पावलं जाऊन तो पुन्हा थांबला. पाठमोराच म्हणाला, "आता सांगितल्यावर माझ्या हातचं पाणी कोण पिणार बुवा?"

रंगनाथबुवांनी पेला उचलला. उरलेलं पाणी अंगणात ओतून दिलं. पेला राखेनं घासला आणि नळाखाली रिकामाच ठेवला.

"नळ परत चारला येतो," ते म्हणाले. "पहिला पेला माझा. आणि मी हुंगणार नाही."